आंघोळ कोणी घातली? मानसिक आजाराच्या दिव्यांग प्रमाणपत्राचं एक प्रकरण

या प्रकरणातली नावं बदलली आहेत, गाव आणि जिल्हा सांगितलेला नाही. महेश आणि त्याच्या आईने लिहायला परवानगी दिली. महेशने मसुदा वाचून दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या, त्या केल्या आहेत. मी मानसिक आजार असलेल्या माणसांच्या कुटुंबांसोबत काम करते. दिव्यांग प्रमाणपत्राची टक्केवारी कमी लागली म्हणून येणारी घरं आम्हाला नवी नाहीत. हेच प्रकरण लिहायला घेतलं, कारण यात तपासणाऱ्यांची चूक जेवढी स्पष्ट दिसते तेवढीच माझीही दिसते.

पार्श्वभूमी

महेश तेव्हा ३४ वर्षांचा होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या यंत्रमागाच्या एका गावात आईसोबत दोन खोल्यांत राहायचा. वडील मागावर होते, ते वारले. आई, म्हणजे सुमनमावशी, जवळच्या कारखान्यात कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायला जायच्या. महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास मिळायचे, तेही कारखाना नीट चालला तर.

आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला असताना, एकविसाव्या वर्षी, महेशला आवाज ऐकू यायला लागले. आधी देवरशी झाला, मग डॉक्टर. निदान स्किझोफ्रेनियाचं झालं. एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं. गोळ्या लागू पडल्यावर आरडाओरडा थांबला, शेजाऱ्यांवरचा संशय गेला. गल्लीच्या लेखी पोरगं बरं झालं.

घरात जे उरलं ते गल्लीला दिसत नव्हतं. सकाळी उठवल्याशिवाय उठायचं नाही. आंघोळ चार-पाच वेळा सांगून, शेवटी हाताला धरून. ताट समोर ठेवलं तर जेवायचं, नाही ठेवलं तर दुपार उलटली तरी मागायचं नाही. बोलणं ‘हो’, ‘नाही’, ‘बघू’ एवढंच. मित्र केव्हाच सुटले होते. एका ओळखीच्या मालकाने कामावर घेतलं, तिथे चार दिवस टिकला. आईसोबत कधी कारखान्यात गेला तर कांड्यांची पेटी उचलून द्यायचा आणि मग तासभर एकाच ठिकाणी बसून राहायचा. डॉक्टर याला ऋण लक्षणं म्हणतात. आवाज आणि भ्रम हे आजाराने आणून घातलेलं असतं. उमेद, बोलणं, स्वतःहून काही करावंसं वाटणं हे आजार काढून नेतो. गोळ्यांचा उपयोग पहिल्यावर जास्त होतो, दुसऱ्यावर फार थोडा.

मावशींचे गुडघे गेले होते. शेजारच्या बहिऱ्या मुलीला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात हे त्यांना माहीत होतं. तेव्हा महिन्याला १,००० रुपये मिळायचे. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये होती, त्यात हे घर बसत होतं. दिव्यांग प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के हवे होते. २०२२ च्या पावसाळ्यात मावशींनी पुतण्याकडून प्रमाणपत्रासाठी सरकारी पोर्टलवर अर्ज भरून घेतला.

पहिली तपासणी

तपासणीच्या आदल्या दिवशी मावशींनी महेशला केशकर्तनालयात नेलं, दाढी-केस करून आणले. सकाळी पाच वाजता उठवून गरम पाण्याने स्वतः आंघोळ घातली. भावाच्या लग्नातला शर्ट इस्त्री करून घातला. “सरकारी दवाखान्यात न्यायचं म्हणजे नीटनेटकं नको का?” असं त्या मला नंतर म्हणाल्या. कुठलीही आई हेच करेल.

सात वाजल्यापासून रांग लावली. नंबर दुपारी एकनंतर आला. मावशींना बाहेर थांबायला सांगितलं. आत काय झालं ते महेशने पुढे कितीतरी दिवसांनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. आंघोळ करतोस का? हो. जेवतोस? हो. घरात कोण आहे? आई. कामाला जातोस का? जातो. तेवढ्यात बाहेर आला.

‘जातो’ का म्हणालास, असं मी विचारलं. “जायचं होतं,” तो म्हणाला.

प्रमाणपत्र आलं ३० टक्क्यांचं. तहसील कार्यालयात ते घेतलं नाही. नोव्हेंबरमध्ये मावशी आमच्याकडे आल्या तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत ११ वर्षांचे केसपेपर होते. त्यांचा प्रश्न साधा होता: “याला बरं झालंय असं लिहून दिलंय, मग हा बरा का नाही?”

टक्केवारी निघते कशी

हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मानसिक आजारातली दिव्यांगता मोजायला आपल्याकडे एक पट्टी वापरतात, इंडियन डिसॅबिलिटी इव्हॅल्युएशन अँड असेसमेंट स्केल. बोलताना सगळे आयडियाज म्हणतात. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीच्या पुनर्वसन समितीने ती तयार केली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ खाली केंद्राने जानेवारी २०१८ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत मानसिक आजारासाठी हीच पट्टी होती.

पट्टीत चार गोष्टी पाहतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं आणि समजून घेणं, आणि काम. प्रत्येकीला ० ते ४ गुण, जितका त्रास जास्त तितके गुण जास्त. त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवायचे, १ ते ४. सगळे मिळून २० पैकी गुण होतात आणि त्यावरून टक्केवारी ठरते. ४० टक्के किंवा त्यावर असेल तर कायद्याच्या भाषेत लक्षणीय दिव्यांगत्व, आणि बहुतेक सगळ्या योजना तिथून सुरू होतात.

या पट्टीत दोन गोष्टी नीट लिहिलेल्या आहेत आणि त्याच घाईत सुटतात. पहिली, माहिती फक्त रुग्णाकडून घ्यायची नसते. रोज सांभाळणाऱ्या माणसाशी बोलायचं असतं, जुने कागद पाहायचे असतात. दुसरी, माणूस आत्ता स्वच्छ आहे का यावर काळजीचे गुण ठरत नाहीत. सांगितल्याशिवाय आंघोळ न करणं, वाढल्याशिवाय न जेवणं याला पट्टीत वरच्या पायरीचे गुण आहेत. म्हणजे आईने घातलेल्या आंघोळीची मोजणी आईच्या खात्यात व्हायला हवी. महेशच्या प्रमाणपत्रात ती महेशच्या खात्यात जमा झाली होती.

गुणपत्रिका मिळवताना

३० हा आकडा कशातून आला हे आम्हाला दिसत नव्हतं. प्रमाणपत्रावर फक्त टक्के असतात, गुणांचा तक्ता कार्यालयात राहतो. तोंडी मागितला तर “तो देत नाही” असं उत्तर मिळालं. मावशींच्या नावाने माहिती अधिकारात अर्ज केला. डिसेंबरमध्ये नकार आला, कारण मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीची, वैयक्तिक आणि वैद्यकीय होती.

नकार रास्त होता. महेश सज्ञान आहे. त्याचे कागद आईलाही मागता येत नाहीत, त्यालाच मागावे लागतात. आम्ही त्याच्या नावाने नवा अर्ज तयार केला. सोबत मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २५ चा उल्लेख केला, कारण स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क त्यात आहे. महेशपुढे कागद ठेवला, सही कर म्हटलं, त्याने केली.

इथे मी थांबायला हवं होतं. कायदा मला सांगत होता की हा माणूस स्वतःच्या प्रकरणाचा मालक आहे, आणि मी त्यातून फक्त सहीची जागा वाचली.

जानेवारीत तक्ता आला. स्वतःची काळजी ०, संबंध १, संवाद १, काम १, कालावधी २. एकूण ५. शेऱ्यात ‘औषधांवर स्थिर, लक्षणं नाहीत’ असं लिहिलं होतं आणि माहिती देणाऱ्याच्या रकान्यात ‘स्वतः’.

‘स्थिर’ हा शब्द कुठून आला तेही सापडलं. महेशवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत तो होता. त्यांच्या मनात अर्थ असा, की गेल्या काही वर्षांत आजार उसळलेला नाही, दवाखान्यात दाखल करावं लागलं नाही. तपासणाऱ्याने अर्थ घेतला की त्रास उरलेला नाही. दोघंही डॉक्टर, एकच शब्द, आणि मधल्यामध्ये महेशचे सात-आठ गुण गेले.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ३० टक्के मान्य करून गप्प बसण्याचा. हा पर्याय नावापुरता नव्हता. मावशींना पुतणीच्या लग्नाची काळजी होती. “जास्त टक्के म्हणजे जास्त वेडा असं म्हणतील ना?” त्यांनी दोनदा विचारलं.

दुसरा, खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडून जास्त टक्क्यांचं प्रमाणपत्र. अनेक घरं इथे पैसे घालवतात. शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याशिवाय कोणाचंही प्रमाणपत्र योजनांना चालत नाही. खासगी डॉक्टरांचं पत्र पुरावा म्हणून जोडता येतं, तेवढंच.

तिसरा, २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ५९ खाली अपील. प्रमाणपत्राचा निर्णय मान्य नसेल तर राज्य शासनाने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. राजमार्ग हाच. पण त्याला मुदत असते, प्रवास असतो, आणि महेशसाठी अनोळखी शहर, अनोळखी खोली, पुन्हा तेच प्रश्न.

चौथा, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी निवेदन देऊन त्याच रुग्णालयात फेरतपासणी मागणं. इथे कार्यालयाची मर्जी चालते. पण आमच्या हातात तक्ता होता, आणि त्यात सांभाळणाऱ्याचं म्हणणं घेतलं नसल्याचं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

पाचवा पर्याय रुग्णालयाच्या फाटकाबाहेर उभा होता. एका एजंटाने मावशींना सांगितलं होतं: “आठ दिवस गोळ्या बंद करा, मग आणा. काम होऊन जाईल.” हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण ही सूचना फार घरांना मिळते आणि काही घरं ती पाळतात. स्किझोफ्रेनियात गोळ्या अचानक बंद केल्या तर आजार उलटतो, आणि उलटलेला आजार प्रत्येक वेळी पहिल्या जागी परत येतोच असं नाही. माणूस जिवानिशीही जाऊ शकतो. मी मावशींना एवढंच म्हटलं की हे केलंत तर मी या प्रकरणात नसेन. त्या म्हणाल्या, “मी करणारच नव्हते, पण विचार आला होता हे खोटं बोलत नाही.”

चौथा मार्ग आधी घ्यायचा आणि अपिलाचा अर्ज तयार ठेवायचा, असं ठरलं. यात आम्ही एक धोका पत्करला. निवेदन नाकारलं गेलं असतं आणि तोवर अपिलाची मुदत संपलेली असती, तर दोन्हीकडून हात रिकामे राहिले असते. नशिबाने तसं झालं नाही, पण हे नशिबावर सोडायला नको होतं.

वही

निवेदनासोबत काय जोडायचं हा खरा प्रश्न होता. आमच्यातल्या एका सहकाऱ्याचं म्हणणं: या वेळी आंघोळ न घालता न्या. त्यात खोटं काही नाही, आईने हात काढून घेतला की जो उरतो तो महेश. मला ते पटत होतं. मावशींना सांगितलं तर त्या संतापल्या. “माझ्या पोराला चार माणसांत घाण नेऊ? त्या पैशासाठी?”

त्यांचं बरोबर होतं. आपली लाचारी अंगावर घालून दाखवल्याशिवाय हक्क मिळत नसेल, तर तो मागण्याची दुसरी रीत शोधायला हवी. मग वहीची कल्पना निघाली. १४ दिवस, शाळेची शंभर पानी वही, आणि त्यात रोज फक्त घडलेलं लिहायचं. मावशी चौथी शिकलेल्या, लिहायला हात चालत नव्हता. संध्याकाळी पुतणी येऊन त्या सांगतील तसं लिहायची. ‘खूप त्रास देतो’, ‘काहीच करत नाही’ असं लिहायचं नाही, असं मी बजावलं होतं. किती वाजता, किती वेळा, कोणी.

एका दिवसाची नोंद अशी होती: ‘सकाळी ७ ला उठ म्हटलं. साडेसातला परत म्हटलं. ८ ला चादर काढली. ९ ला हाताला धरून मोरीत नेलं. पाणी मी काढलं, साबण मी लावला. कपडे मी दिले, बटणं त्याने लावली. ११ ला मी कामाला गेले, ताट झाकून ठेवलं. ५ ला आले, ताट तसंच. जेव म्हटल्यावर जेवला. दिवसभर कोणाशी बोलला नाही.’

कुठल्याही डॉक्टरच्या पत्रापेक्षा हे पान भारी होतं. ‘बटणं त्याने लावली’ हेही लिहिलं होतं, म्हणून ते खरं वाटत होतं.

आठवड्याने वही पाहायला गेले तर पहिली चार पानं नव्हती. मावशी म्हणाल्या, उंदराने कुरतडली असतील. उंदराने कुरतडलेल्या वहीची कड अशी सरळ नसते. महेश कोपऱ्यात बसला होता. मी त्याच्याकडे वळले आणि विचारलं. बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, “मी फाडली. माझंच सगळं लिहिताय. मला विचारलं नाही.”

तीन महिने मी त्या घरात जात होते. मावशींशी बोलत होते, पुतणीशी बोलत होते. महेशला ‘कसा आहेस’ यापलीकडे मी एकही प्रश्न विचारला नव्हता. तपासणाऱ्याने आईला बाहेर ठेवून चूक केली होती. मी महेशला खोलीत बसवून बाहेर ठेवलं होतं.

त्या दिवशी मी माफी मागितली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. प्रमाणपत्र कशाला, टक्के म्हणजे काय, त्यावर काय लिहिलेलं असतं, कोण कोण बघतं, नको असेल तर काय होईल. त्याला कागदावर ‘वेडा’ लिहिलेलं नको होतं. तसा शब्द नसतो, ‘मानसिक आजार’ असं लिहितात, हे मी प्रमाणपत्र काढून दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं. “बघू,” म्हणाला.

दोन दिवसांनी पुतणीचा फोन आला. वहीत महेशने स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली होती: ‘रात्री आवाज येतात. रोज नाही. आईला सांगत नाही, ती झोपत नाही मग.’

या ओळीने प्रकरणाची दिशा बदलली. आम्ही सगळे, उपचार करणारे डॉक्टरही, आवाज कधीच गेले असं धरून चाललो होतो. तो ते वर्षानुवर्षं एकटा ऐकत होता. ही ओळ निवेदनाला जोडायची का, हे मी त्याला विचारलं, आणि जोडली तर आईला कळेल हेही सांगितलं. तो म्हणाला, “आईला मी सांगतो.” डॉक्टरांकडे जाताना एसटीत त्याने सांगितलं. मावशी सबंध वाटभर त्याचा हात धरून बसल्या होत्या.

डॉक्टरांनी आधी औषधाची मात्रा बदलली. मग चिठ्ठी नव्याने लिहिली. या वेळी ‘स्थिर’ हा शब्द टाळला. महेश काय काय स्वतःहून करतो, काय सांगितल्यावर करतो, काय करून द्यावं लागतं आणि लक्षणं किती काळ चालू आहेत, हे चार परिच्छेदांत आलं. डॉक्टरांनी स्वतःच म्हटलं की अशी चिठ्ठी कशासाठी हवी ते आधी कोणी सांगितलं असतं तर आधीच दिली असती.

दुसरी तपासणी

फेब्रुवारी २०२३ मध्ये निवेदन दिलं. एक पान, त्यापेक्षा जास्त नाही. तक्त्याची प्रत, वहीची प्रत, नवी चिठ्ठी, केसपेपरांतली निवडक सात पानं. मागणी दोनच: फेरतपासणी व्हावी, आणि त्या वेळी आईचं म्हणणं नोंदवावं. आवक शाखेत दिलं, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेतला. कोणावरही आरोप केला नाही. रागाने लिहिलेला पहिला मसुदा माझ्याकडे आहे, तो पाठवला असता तर फेरतपासणी झाली असती की नाही, शंकाच आहे.

एप्रिलमध्ये बोलावणं आलं. तेच रुग्णालय, तेच मानसोपचारतज्ज्ञ. रांग जिन्यापर्यंत होती. त्यांच्याविषयी मला एक सांगायचं आहे. ओपीडी, वॉर्ड, कोर्टाची कामं आणि वर हे प्रमाणपत्रांचं काम, सगळं एकाच माणसाकडे असतं. पाच मिनिटांत मोजलेली दिव्यांगता चुकीचीच निघणार. ही सबब म्हणून लिहीत नाही, महेशचे महिने त्यात गेले आहेत. पण पुन्हा त्यांच्यासमोर जाताना शत्रूसमोर जातोय असं मनात ठेवलं नाही, त्याचा उपयोग झाला.

महेश आंघोळ करून, तोच शर्ट घालून आला होता. डॉक्टरांनी वही चाळली, मग मागे जाऊन वाचली. मावशींना आत बसवलं. महेशला विचारलं, “आज आंघोळ कोणी घातली?”

त्याने आईकडे पाहिलं. “पाणी आईने काढलं. मी बसलो.”

मग आवाजांबद्दल विचारलं, त्यासाठी आम्हाला दोघींना काही वेळ बाहेर पाठवलं. या वेळी बाहेर जायला कोणाची हरकत नव्हती. जवळजवळ अर्धा तास लागला.

नवा तक्ता असा झाला: काळजी २, संबंध २, संवाद १, काम ३, कालावधी ४. एकूण १२. प्रमाणपत्र ६५ टक्के, तात्पुरतं, ठरावीक मुदतीचं. कामाला ४ का नाहीत असं पुतणीने विचारलं. तो अधूनमधून पेटी उचलतो, हे वहीत आम्हीच लिहिलं होतं. ३ बरोबर होते.

काय मिळालं, काय नाही

तहसीलमध्ये अर्ज, तालुक्याच्या समितीपुढे मंजुरी, असं करत पैसे यायला पाऊस उजाडला. तोवर रक्कम १,५०० झाली होती. एसटीची सवलत मिळाली. पहिल्या चुकीच्या प्रमाणपत्रामुळे गेलेल्या महिन्यांचे पैसे मिळाले नाहीत, मिळतही नाहीत. योजना मंजुरीपासून सुरू होते. शासकीय हिशेबात त्या उशिराची नोंद कुठेच नाही.

आवाज कमी झाले. हे प्रमाणपत्रामुळे नाही, त्या एका ओळीमुळे झालं.

आज हे प्रकरण हाती आलं तर

पहिल्या भेटीत खुर्ची महेशकडे वळवून बसेन. त्याला पटवायला वेळ लागेल, कदाचित तो नाही म्हणेल, आणि नाही म्हणाला तर मावशींना ते समजावून सांगणं हे माझं काम असेल. यात महिना जाईल असं वाटतं, पण आमचे तीन महिने त्याशिवाय गेलेच.

पहिल्या तपासणीलाच आईचं म्हणणं नोंदवण्याची लेखी विनंती अर्जासोबत द्यायची. वही तेव्हाच लिहायची. डॉक्टरांना भेटून चिठ्ठी कशासाठी हवी ते सांगायचं: निदान त्यांना माहीत आहेच, दिवस कसा जातो ते लिहून द्या. तक्त्याची प्रत प्रमाणपत्र हातात आल्याच्या आठवड्यात, महेशच्या सहीने मागायची. आणि निवेदन दिलं तरी अपील मुदतीत दाखल करून ठेवायचं, मग भले मागे घ्यावं लागो.

वहीबद्दल माझं मन अजून पूर्ण स्वच्छ नाही. तिच्यामुळे काम झालं, पण एका माणसाच्या न होणाऱ्या गोष्टींची ती यादी होती. आता ज्या घरी वही सुरू करतो, तिथे डाव्या पानावर घरच्यांनी लिहायचं आणि उजवं पान रुग्णासाठी कोरं ठेवायचं, असं ठरवलं आहे. काही जण ते कोरंच ठेवतात.

महेशच्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण येईल. मावशींनी नवी वही आणून ठेवली आहे. गेल्या वेळी गेले तेव्हा महेशने विचारलं, “मी कांड्या भरायला लागलो तर टक्के कमी होतील?” मी खरं ते सांगितलं. कामाचा एखादा गुण कमी होऊ शकतो. बाकीचं तसंच राहिलं तर चाळीसच्या खाली जाऊ नये, पण हमी मी देऊ शकत नाही. त्याने मान हलवली.

सोमवारी तो आईसोबत कारखान्यात गेला. बुधवारी गेला नाही. दोन्ही वहीत लिहिलेलं आहे, उजव्या पानावर.